सांड्याचं ऊन

शिरपूरच्या बाजारगल्लीत रज्जाकचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची पडवी. रॉकेलचे रिकामे डबे कापायचे, पत्रा ठोकून सपाट करायचा आणि त्यातून चिमण्या, कंदील, गाळण्या, मापं असं गावाला जे लागेल ते घडवायचं. त्याचा बापही तेच करायचा, पण रज्जाकचा हात बापापेक्षा साफ. त्याच्या कंदिलाला कथलाचा डाग देऊन सांधा कुठे जोडलाय ते बोटानं चाचपूनही कळायचं नाही. आसपासच्या गावांत त्याला कोणी नुसतं रज्जाक म्हणत नसे. रज्जाक कंदीलवाला.

त्याची बायको ताजबी लग्न होऊन आली तेव्हा अंगापिंडानं चांगली भरलेली, पायाला भिंगरी असलेली पोर होती. सकाळी दुकानातले पत्रे राखेनं घासून द्यायची आणि दुपारी शेजारच्या तुळसाबाईबरोबर तिच्या मळ्यात जायची. तुळसाबाई जातीची माळीण, मळा गावाला लागूनच. वांगी तोडता तोडता दोघी एवढ्या हसायच्या, की वाटेनं जाणारा माणूस आपल्यालाच हसतात की काय म्हणून मागे वळून बघायचा.

पुढे रज्जाकनं गॅसबत्त्या घेतल्या आणि लग्नकार्यांत भाड्यानं द्यायला सुरुवात केली. त्या काळी रात्रीचा दिवस करणारी ती वस्तू. रिठद, केनवड, कुठेही मोठं लग्न निघालं की बत्त्यांसाठी रज्जाकला बोलावणं यायचं. अशाच एका लग्नात रिठदच्या गुलाबराव देशमुखांच्या घरी तो बत्तीला हवा भरत बसला होता. देशमुखांच्या बायका गोशात, त्यांच्या बांगडीचा आवाजही बाहेर येत नसे. ओट्यावर बसलेल्या पाहुण्यांपैकी एक जण सहज बोलून गेला, "कंदीलवाल्या, तुही बायको माळ्याच्या मळ्यात वांगे तोडते म्हने?" चार माणसं हसली. कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं. थोड्या वेळानं ती ते विसरूनही गेली. रज्जाक विसरला नाही.

घरी आल्यावर तो म्हणाला, "ताज, उद्यापासून मळ्यात जायचं नाई."

"काहून?"

"आता चार गावांत आपलं नाव हाये. मोठ्या घरच्या बायका बाहेर नाई निंगत."

"आपलं घर कधी मोठं झालं जी?" ती हसली. मग तो हसत नाहीये हे तिच्या लक्षात आलं.

ताजबीची खोली गल्लीच्या बाजूला होती. तिला एक झरोका होता, पण तिथून येणाऱ्याजाणाऱ्याला आतलं दिसायचं. रज्जाकनं तो मोठा करून खिडकी केली आणि तिला काच बसवली. काच वाळूनं घासून धुरकट केली, म्हणजे उजेड आत यावा, नजर येऊ नये. दक्षिणेकडची खिडकी, दिवसभर खोली उजळून निघायची. त्या गल्लीत कोणाच्याच घराला काच नव्हती. आपण बायकोला कोंडलं असं त्याच्या मनातही आलं नाही. उलट आपण तिच्यासाठी केवढं केलं, याचा त्याला अभिमान होता. तुळसाबाई मेथीची जुडी घेऊन यायची, दाराशी बसून गप्पा मारायची आणि जायची. ताजबी दारापर्यंत यायची. बुरखा घेऊन कुठे गेलीच तर ती उजाडायच्या आत.

अशी काही वर्षं गेली. पोटी मूल राहत नव्हतं. ताजबीचं हसणं कमी झालं, आणि मग चालणंही. कंबर दुखायची, मांड्या दुखायच्या. खाली बसली की उठताना भिंतीला धरावं लागायचं. चालताना बदकासारखी दोन्हीकडे हलायची. हकिमानं लेप दिला, पीरबाबाचा ताईत झाला, तिळाच्या तेलानं मालिश झालं. रज्जाक म्हणायचा, "वात असन. थंडी सरली की जाईन."

त्याच सुमाराला तो सांडा घरात आला.

दिवाळीनंतर शिरपूरला जैनांच्या देवळात यात्रेकरूंची गर्दी होई आणि गर्दीमागे नाना तऱ्हेचे विकणारे येत. त्या वर्षी एक तेलवाला आला. त्याच्या टोपलीत उत्तरेकडच्या वाळवंटातले सांडे होते. सांडा म्हणजे घोरपडीसारखा दिसणारा, पण गरीब, झाडपाला खाणारा सरडा. हातभर लांब, शेपटीवर काट्यांची कडी. तेलवाले त्यांचं कंबरडं मोडून ठेवतात, म्हणजे ते पळत नाहीत, आणि लोकांसमोर चरबी काढून गुडघेदुखीचं तेल म्हणून विकतात. गावातले किराणा दुकानदार फुलचंद शेठ देवळातून येत होते. ते पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी अख्खी टोपली विकत घेतली. जीव सोडवले खरे, पण आता त्यांचं करायचं काय, हे शेठना माहीत नव्हतं. कंबर मोडलेले लवकरच मेले. एक तेवढा धडधाकट होता. तो फुलचंदांच्या ओसरीवरून निसटला आणि थंडीच्या सकाळी रज्जाकच्या दुकानात येऊन, जिथे डाग द्यायच्या सळया तापत, त्या शेगडीजवळ चपटा होऊन बसला.

फुलचंद शोधत आले. "रज्जाकभाई, त्याले तथीच राहू द्या. तुमच्या विस्तवाचा त्याले लळा लागला. मी काई त्याले जगवू शकत नाई."

"शेठजी, मी सरडा पाळू?"

"जीव हाये. पाळून पाहा."

रज्जाकनं जीव म्हणून ठेवून घेतला. मांजरांच्या भीतीनं त्याच्यासाठी पत्र्याची एक पेटी केली, तिच्यात वाळू भरली आणि पेटी ताजबीच्या खोलीत, काचेच्या खिडकीखाली ठेवली. खोलीतला सगळ्यात उजेडाचा कोपरा तो. ताजबी पहिल्या दिवशी किंचाळली. थोड्याच दिवसांत ती त्याला हरभऱ्याचा पाला हातानं चारू लागली. दिवसभर घरात दुसरं होतं कोण?

पण सांडा पाला न खाता टाकायला लागला. अंग काळवंडलं, हालेना. रज्जाकला वाटलं, थंडी वाजते. त्यानं पेटीखाली चिमणी ठेवली, तर जनावराच्या पोटाला चटका बसला. चिमणी आत ठेवली, तर काजळी धरली आणि सांडा तोंड उघडून धापा टाकू लागला. मग रज्जाक इरेला पेटला. त्यानं पेटीच्या एका टोकाला वरून दिवा टांगला, त्याला धुराडं केलं आणि घासून आरशासारखा केलेला पत्रा मागे वाकवून बसवला, म्हणजे सगळी ऊब एका दगडावर पडावी. दुसरं टोक थंड ठेवलं. नको वाटलं तर त्यानं तिकडे जावं. सांडा त्या दगडावर चढला, अंग पसरलं, आणि दुपारपर्यंत त्याचा काळा रंग उतरून पिवळट झाला. संध्याकाळी त्यानं मेथी खाल्ली. गावातली माणसं ती पेटी बघायला येत आणि रज्जाक दिवा कमीजास्त करून दाखवी.

रोज सकाळी तो आधी पेटीशी जाई. "काय रे, आज कसं वाटते? ऊब पुरते का?"

ताजबी चुलीपाशी भिंत धरून उठत असायची.

ऊब पुरत होती. तरी सांड्याचे मागचे पाय थरथरत. दगडावर चढताना घसरे. पाला चावताना त्याचा खालचा जबडा वाकतो, हे ताजबीनं पाहिलं. "हाडच नाई जसं," ती म्हणाली. "रबरासारखं झालं पाहा." तुळसाबाईनं दारातून बघून सांगितलं, "भाऊ, दिव्याचं काय कवतिक? रानातलं जनावर ते. त्याले ऊन दाखवा."

घर धाब्याचं, वर मातीचं सपाट छत. रज्जाकनं पेटी तिथे नेली. घारींचं भय म्हणून वर काचेचं झाकण बसवलं. ऊन भरपूर, पेटी तापायची, सांडा खायचा, पण पाय तसेच. मग एक दिवस वानरं आली आणि त्यांनी झाकणाचा चुरा केला. नवी काच अकोल्याहून यायची, म्हणून रज्जाकनं तेवढ्यापुरती तारेची जाळी लावली. जाळीतून उघडं ऊन त्याच्या पाठीवर पडू लागलं. होळी झाली, उन्हाळा चढला. सांड्याचे पाय थरथरायचे थांबले. एका सकाळी तो पेटीच्या भिंतीवर चढून जाळीला नखं घासत होता.

रज्जाक शिडीवरून पळतच खाली आला. ताजबी खिडकीखाली धान्य निवडत बसली होती. तिच्या मांडीवर धुरकट, मऊ उजेड पडला होता.

"ताज, समजलं मले! दिवा नाई, ऊब नाई. काच! काच मधात होती म्हनून. काचेतून उजेड येते, ऊन नाई येत. इतके दिवस बिचारा माह्या काचेखाली मरून राह्यला होता."

ताजबीनं सूप बाजूला ठेवलं. तिनं वर, खिडकीकडे बघितलं.

"अन् माह्या खिडकीले काय हाये जी?" तिनं विचारलं.

रज्जाकला आधी कळलंच नाही. मग त्याची नजर त्या धुरकट काचेकडे गेली.

"त्याले रोज सकाळी इचारता, आज कसं वाटते म्हनून," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मले नाई कधी इचारलं. इचारलं असतं त सांगतलं असतं. मले मळ्यात बरं वाटे."

त्याच दिवशी त्यानं धाब्यावर चारी बाजूंनी बांबूचे तट्टे उभे केले. उघड्या मळ्यात पाठवायची अजूनही त्याची छाती झाली नाही, हेही खरंच सांगितलं पाहिजे. ताजबीला शिडी चढवेना. तुळसाबाईनं खालून आणि रज्जाकनं वरून आधार देत तिला वर नेलं. ती पाय पसरून, डोळे मिटून बसली. उन्हानं तोंड लाल झालं तरी हलली नाही. तुळसाबाई म्हणाली, "अवं, करपशीन."

"करपू दे," ताजबी म्हणाली, आणि कित्येक वर्षांनी तुळसाबाईला तिचं जुनं हसू ऐकू आलं.

त्यानंतर सकाळचं काम आटोपलं की ती आणि सांडा दोघंही धाब्यावर. हिवाळा येईपर्यंत तिची कंबर दुखायची राहिली. शिडी ती एकटी चढू लागली. रज्जाक खालून विचारी, "कसं वाटते आज?" ती वरून ओरडे, "कोनाले इचारून राह्यले? मले का त्याले?" दोघंही हसत. त्या घरातले सगळ्यात चांगले दिवस तेच. आणि त्याच दिवसांत तिला दिवस गेले.

सातव्या महिन्यात तुळसाबाईच्या आग्रहानं रज्जाकनं तिला वाशीमला नेलं. तिथे एक डॉक्टरीण होती. तिनं ताजबीला तपासलं, चालायला लावलं, आणि मग रज्जाकला आत बोलावलं.

"दुखणं थांबलं, कमरेची हाडं पुन्हा घट्ट झाली," डॉक्टरीण म्हणाली. "पण उन्हावाचून मऊ झाली होती तेव्हा ती आत वाकली. जशी वाकली तशीच घट्ट झाली आहेत. मुलाला बाहेर यायला वाट नाही."

"मंग?"

"पोट कापून मूल काढावं लागेल. कळा सुरू व्हायच्या आधी घेऊन या. मी माझ्याकडून सगळं करीन. वचन देऊ शकत नाही."

रज्जाक पत्र्याचं काम करणारा माणूस. तापलेला पत्रा वाकला आणि तसाच थंड झाला की पुढे काय होतं, हे त्याला कोणी समजावायची गरज नव्हती. परतताना गाडीत ताजबीनं विचारलं, "काय सांगतलं बाईनं?" तो म्हणाला, "सगळं ठीक हाये, पन बाळंतपन तथीच करू म्हने." ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग तिनं त्याच्या हातावर हात ठेवला.

वेळेवर नेलं. डॉक्टरणीनं मूल सुखरूप काढलं. मुलगी झाली. गोरी, ओरडणारी, हातपाय झाडणारी. ताजबीनं तिला जवळ घेतलं, नाव नसीम ठेवलं. मग ताप चढला. त्या काळी त्या तापावर औषध नव्हतं. डॉक्टरीण रात्रंदिवस येऊन बघून जायची.

शेवटच्या दुपारी ताजबी शुद्धीवर आली. रज्जाक खाटेशी बसला होता.

"पोरीले कोन पाहीन?" तिनं विचारलं.

"मी पाहीन."

"तुमाले नाई जमनार. दूध कोन पाजीन? मेहरबीले द्या." मेहरबी तिची धाकटी बहीण, मंगरूळपीरला दिली होती. तिच्या मांडीवर तान्हं मूल होतं. "तिच्या घराले मोठं आंगन हाये. मी पाह्यलं हाये."

"माफ कर मले, ताज."

तिनं पाणी मागितलं. पाणी आणेपर्यंत ती गेली होती.

मेहरबी मुलीला घेऊन गेली. जाताना तिनं एक अट घातली. "दाजी, पोरीले मोठी होईपर्यंत काई सांगू नका. दोन घरात जीव अडकला की पोर कुठलीच राहत नाई. मी तिले माही म्हनूनच वाढवीन." रज्जाक हो म्हणाला. त्याला नाही म्हणायचा हक्क आहे असं वाटलंच नाही.

घरात तो आणि सांडा उरले. गॅसबत्त्या त्यानं विकून टाकल्या. लोकांनी कारण विचारलं तर म्हणे, आता हवा भरवत नाही. सांड्याला मात्र रोज वर नेई. पावसाळ्यात आठ-आठ दिवस आभाळ भरून असलं की पेटीतला दिवा लावी, आणि ढग जरा फाटला की हातातलं काम टाकून, पेटी उचलून शिडीला धावे. गिऱ्हाईक ताटकळत बसे. दुकानासमोरून जाणारे म्हणत, कंदीलवाल्याच्या डोक्यावर परिणाम झाला. तुळसाबाई कोणाचं ऐकून घेत नसे. ती गुपचूप मेथी ठेवून जाई.

मग दुसरी मोठी लढाई सुरू झाली. पत्रा मिळेना, रॉकेल मोजून मिळू लागलं. घराघरांत अंधार पडताच माणसं झोपू लागली. रज्जाक स्वतः अंधारात बसे आणि वाट्याचं रॉकेल पेटीच्या दिव्यात घाली. एका पावसाळ्यात ऊन पडेचना आणि रॉकेलही संपलं. फुलचंद शेठनी आपल्या घरची बाटली पाठवली. ती पोचली तेव्हा सांडा वाळूत तोंड खुपसून निपचित पडला होता. रज्जाकनं तरीही दिवा लावला आणि दिवसभर त्याच्या पाठीवर उजेड धरून बसला. दुसऱ्या दिवशी तुळसाबाईच्या मळ्यात, विहिरीमागच्या उंचवट्यावर त्यानं खड्डा खणला. तुळसाबाईनं विचारलं, "भाऊ, रडत काहून नाई? रडून घ्या." तो म्हणाला, "आता कोनाकोनासाठी रडू, बाई?"

मंगरूळपीरच्या उरुसाला तो दरवर्षी जाई. मेहरबीच्या अंगणात खाटेवर बसे. नसीम त्याला खालू म्हणे, मावशीचा नवरा. अम्मा ती मेहरबीलाच म्हणे, आणि हा खालू कुठल्या मावशीचा, हे विचारण्याइतकी ती मोठी नव्हती. तो तिच्यासाठी पत्र्याची खेळणी नेई, कधी गाडी, कधी बाहुलीची खाट. ती ती घेऊन लगेच अंगणात पळे. पाय सरळ, पळणं चपळ. तो तिच्या पायांकडे बघत बसे. एकदा ती म्हणाली, "खालू, तुमी बोलत काहून नाई? नुसते पाह्यता." त्यानं काही तरी बोलून वेळ मारून नेली.

लढाई संपली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात शिरपूरला पटकीची साथ आली. रज्जाक दुकानातच पडला. तुळसाबाईनं मंगरूळला माणूस धाडला, पण मेहरबी पोचली तेव्हा माती देऊन लोक परतले होते. बरोबर नसीम होती. मेहरबीनं वाटेत गाडीत तिला सगळं सांगितलं होतं. कसं सांगितलं, ते तिलाच माहीत.

पोरीनं दुकान पाहिलं, आतली खोली पाहिली. तुळसाबाईनं तिला जवळ घेतलं, भाकर खाऊ घातली. ती हळूहळू खात होती. अर्धी भाकर झाल्यावर तिनं मेहरबीला विचारलं, "ते माहे अब्बा होते, त मले त्याइनं काहून नाई सांगतलं?"

मेहरबी पदर तोंडाला लावून रडू लागली. तुळसाबाईनं उरलेली अर्धी भाकर फडक्यात बांधून पोरीच्या हाती दिली. बाहेर गाडीवान बैल जुंपत होता. दिवस मावळायच्या आत त्यांना निघायचं होतं.